कपाटातले ग्रहणचष्मे बाहेर काढा : पुण्यातल्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका

सादर नमस्कार.

२६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी तुमच्या शाळेने मुलांसाठी पुठ्ठ्याचे ग्रहणचष्मे घेतले होते का? घेतले असतील, तर ते आज कुठे आहेत हे कृपा करून एकदा बघा. बहुतेक ते विज्ञान प्रयोगशाळेच्या कपाटात असतील, वरच्या फळीवर, हवेच्या दाबाच्या नळ्या आणि जुन्या तक्त्यांच्या मागे. ते टाकून देऊ नका आणि न तपासता मुलांच्या हातातही देऊ नका. एवढीच विनंती करायला हे पत्र लिहितो आहे. पण ही विनंती आत्ताच का, हे सांगायला थोडी जागा लागेल.

माझं पेठेत चष्म्याचं दुकान आहे. दुकानाला तीस वर्षं होऊन गेली. दुकान बंद झालं की आकाश बघणाऱ्या आमच्या छोट्या गटात जातो. गटात बँकेतले लोक आहेत, एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, इंजिनिअरिंगची मुलं आहेत, दोन शिक्षिका आहेत. महिन्यातून एकदा भेटतो. अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून, पाऊस नसेल तर दुर्बीण गाडीत घालून पानशेतच्या बाजूला जातो. पुण्यात अशा गटांची परंपरा जुनी आहे. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून सुरू आहे आणि हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते. विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं होतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. एवढं सगळं जवळ असलेलं दुसरं शहर देशात शोधायला गेलं तर फार सापडणार नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एका शिक्षिकेने बैठकीला एक खोका आणला. तिच्या शाळेत रंगकाम निघालं होतं, कपाटं रिकामी केली जात होती, आणि हा खोका रद्दीच्या ढिगावर ठेवलेला तिला दिसला. आत ११२ ग्रहणचष्मे होते, सगळे २०१९ चे. रबरबँड वितळून पुठ्ठ्याला चिकटले होते. काही काड्यांवर बॉलपेनने मुलांची नावं होती, "५ वी ब", "५ वी क". ती मुलं आता कॉलेजात जायला लागली असतील.

त्या रात्री तारे बघायचे होते, पण ढग आले. मग आम्ही घराची दारं-खिडक्या लावून घेतल्या, दिवे बंद केले आणि एकेक चष्मा मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघायला बसलो. ही तपासणी कुणालाही करता येते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टॉर्च फिल्टरच्या मागे अगदी जवळ धरायचा आणि समोरून बघायचं. फिल्टर चांगला असेल तर सगळीकडे सारखा अंधार दिसतो, फार तर दिव्याचा ठिपका अंधूक जाणवतो. फिल्टरला टाचणीच्या टोकाएवढं जरी भोक असेल, तरी तिथे एखादी चांदणी उगवल्यासारखा प्रकाश येतो. पहिल्या पंधरा-वीस चष्म्यांत काहीच सापडलं नाही. मग एका चष्म्यात अशी चांदणी दिसली आणि खोलीत सगळे एकदम गप्प झाले. कुठल्या तरी मुलाने नाव लिहिताना चष्मा मांडीवर उलटा धरला असावा. पेनचं टोक पुठ्ठ्यावरून सरकून फिल्टरवर गेलं होतं आणि "अ" अक्षराचा उभा दांडा त्या काळ्या पापुद्र्यावर कोरला गेला होता. उजेडात तो ओरखडा दिसतही नव्हता.

११२ पैकी २७ चष्मे आम्ही बाद केले. काहींना भोकं होती, काहींचा फिल्टर चौकटीपासून सुटला होता, काही मधोमध घडी घालून ठेवल्यामुळे घडीवर भेगाळले होते, आणि सात चष्म्यांवर बनवणाऱ्याचं नावही नव्हतं, मानकाचा क्रमांकही नव्हता. बाद झालेले सगळे कात्रीने मधून कापले. हे फार महत्त्वाचं आहे. अख्खा चष्मा कचऱ्यात गेला, तर तो कुणा ना कुणा मुलाच्या हाती लागतोच. उरलेले ८५ चष्मे कोरड्या फडक्याने हलक्या हाताने पुसले, जाड पाकिटांत सपाट ठेवले आणि पाकिटावर तारीख घातली.

आता चष्म्याच्या दुकानदाराकडे लोक जो प्रश्न नेहमी विचारतात तो. "जुना चष्मा चालतो का? त्यावर तर लिहिलंय तीन वर्षांनी टाकून द्या, तीन मिनिटांपेक्षा जास्त बघू नका."

बऱ्याच चष्म्यांवर तसं छापलेलं असतं, हे खरं आहे. ती सूचना जुन्या काळातली आहे. सूर्य थेट बघण्याच्या फिल्टरसाठी आज जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्याचा क्रमांक आयएसओ १२३१२-२, वर्ष २०१५. या मानकानुसार दिसणाऱ्या प्रकाशापैकी जास्तीत जास्त ०.००३२ टक्के प्रकाश आत येऊ शकतो. साधा काळा गॉगल याच्या हजारपटीहून जास्त प्रकाश आत सोडतो, म्हणून तो इथे कामाचा नाही. अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेचं स्पष्ट म्हणणं आहे की या मानकाचा चष्मा असेल आणि त्याला भोक, ओरखडा, चीर नसेल, फिल्टर चौकटीतून सुटलेला नसेल, तर तो कितीही वर्षं पुन्हा वापरता येतो. काळा फिल्टर म्हणजे कार्बनचे बारीक कण मिसळलेला प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो दुधासारखा नासत नाही. चंदेरी फिल्टर म्हणजे पातळ पापुद्र्यावर चढवलेला ॲल्युमिनियमचा थर असतो आणि तो थर घासला गेला तर प्रकाश आत शिरतो. म्हणून चंदेरी चष्म्यांच्या बाबतीत मी जास्त कडक असतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. माझ्या दुकानातल्या यंत्रावर भिंगाचा नंबर कळतो. ग्रहणचष्म्यातून किती प्रकाश, किती अतिनील किरण आत येतात, ते त्यावर मोजता येत नाही. कोणी दुकानदार "मशीनवर चेक करून देतो" म्हणाला, तर त्यावर विसंबू नका. घरची तपासणी फक्त खराब झालेला चष्मा ओळखते. मूळचाच नकली असेल तर तो नेहमी पकडला जाईल असं नाही. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. चष्मा डोळ्याला लावून घरात फिरा. ट्यूबलाइट दिसली, खिडकी दिसली, समोरच्याचा चेहरा दिसला, तर तो चष्मा बाद. चांगल्या चष्म्यातून सूर्य आणि अगदी डोळे दिपवणारा दिवा सोडला, तर काहीच दिसायला नको. सूर्यही सुखाने बघता येईल असा दिसला पाहिजे, भोवती धूसर वलय नको. खरेदीची पावती हाताशी नसेल, बनवणारा कोण ते कळत नसेल, मनात जरा जरी शंका असेल, तर कात्री लावा. पुनर्वापराचा आग्रह धरणारा मीच हे सांगतो आहे. ८५ चष्मे वाचवताना २७ कापावे लागले याचं मला वाईट वाटलं नाही.

हा कडकपणा कुठून आला तेही सांगतो.

१५ जानेवारी २०१० ला कन्याकुमारी-रामेश्वरमकडून कंकणाकृती ग्रहण दिसलं, पुण्यात खंडग्रास होतं. संक्रांतीचा दुसरा दिवस. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी एक बाई आपल्या सातवीतल्या मुलाला दुकानात घेऊन आल्या. फळ्यावरचं नीट दिसत नाही, नंबर काढून द्या. मी भिंगं लावत गेलो, बदलत गेलो. कुठल्याच भिंगाने फरक पडेना. तक्त्यावरचं अक्षर वाच म्हटलं की तो मान तिरकी करायचा. मी विचारलं, असं तिरकं का बघतोस? तो म्हणाला, "समोर बघितलं की मधलंच अक्षर जातं. बाजूची दिसतात."

त्याने आजोबांच्या छातीचा एक्स-रे डोळ्यासमोर धरून ग्रहण बघितलं होतं. चांगलं दहा-पंधरा मिनिटं. मी विचारलं, तेव्हा दुखलं नाही का? अजिबात नाही म्हणाला. हेच त्यातलं भयंकर आहे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. सूर्याचा प्रकाश तिथल्या पेशींना इजा करत राहतो आणि माणसाला वाटत राहतं की सगळं ठीक चाललंय. दिसायचं कमी होतं ते काही तासांनी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उठल्यावर. चष्म्याच्या नंबरने हे सुटत नाही. मी त्यांना लगेच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिन्यांनी त्या बाई भेटल्या. बरंच सुधारलंय, पण त्या डोळ्याने वाचताना अजून मधे बारीक काळं राहतं, असं म्हणाल्या. त्या मुलाच्या शाळेत ग्रहणाच्या दिवशी सगळ्यांना वर्गात बसवून पडदे ओढले होते, आणि मधल्या सुटीत लवकर घरी सोडलं होतं. घरी तो गच्चीवर गेला.

पडदे ओढल्याने मुलांची उत्सुकता जात नाही. ती गच्चीवर जाते, आणि तिथे तिच्या हाताला जे मिळेल ते ती डोळ्याला लावते. म्हणून मला वाटतं की मुलांनी ग्रहण शाळेतच बघावं, शिक्षकांच्या देखत, चांगला चष्मा लावून.

माझ्या पिढीला ही संधी मिळाली नाही. १६ फेब्रुवारी १९८० चं ग्रहण कर्नाटकातून खग्रास गेलं आणि पुण्यातही सूर्य बराच झाकला गेला. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आमच्या वाड्यात दारं-खिडक्या लावून सगळे आत बसले होते. वहिनी गरोदर होत्या, त्यांना तर मधल्या खोलीत हलूही देत नव्हते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण आमचं घर कौलारू होतं. कौलांच्या फटींतून एरवी जमिनीवर प्रकाशाचे गोल गोल ठिपके पडत. त्या दुपारी मी खाली बघितलं तर शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठिपक्यांच्या जागी कोरी पडल्या होत्या. एकीकडे झुकलेल्या, सगळ्या एकाच दिशेच्या, पंधरा-वीस चंद्रकोरी. मी आईला दाखवलं. तिने पटकन वरून घोंगडी अंथरली. घोंगडीवरही कोरी आल्याच. आईचा हात तसाच राहिला आणि ती बघत बसली. कौलाची प्रत्येक फट सूर्याचं चित्र खाली पाडत होती, हे मला पुढे दहावीत सूचिछिद्र कॅमेरा शिकताना समजलं. बाहेरून "दे दान सुटे गिऱ्हाण"ची हाक आली, तेव्हा कोरी पुन्हा गोल होत आल्या होत्या.

मी आकाश बघायला लागलो तो त्या जमिनीवरून.

आता आजच्या मुलांकडे येऊ. २०१९ नंतर पुण्यात दिसलेली सूर्यग्रहणं आठवून बघा. २१ जून २०२० चं ग्रहण आलं तेव्हा शाळा कोरोनामुळे बंद होत्या, वर पावसाळा. २५ ऑक्टोबर २०२२ चं ग्रहण दिवाळीच्या ऐन मधोमध, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामधल्या मंगळवारी. सूर्य ग्रहण लागलेला असतानाच मावळला, ग्रस्तास्त झाला. आम्ही काही जण टेकडीवर चष्मे घेऊन उभे होतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवत होतो, पण शाळांना सुटी होती. म्हणजे तुमच्या कपाटातले चष्मे २०१९ नंतर बाहेर निघायचं कारणच घडलं नाही.

ते कारण २ ऑगस्ट २०२७ ला घडणार आहे. त्या दिवशी स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन या पट्ट्यातून खग्रास ग्रहण जाईल. इजिप्तमधल्या लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त काळ पूर्ण झाकलेला असेल. आपल्याकडे पश्चिम भारतात ते खंडग्रास दिसेल, दुपार कलल्यावर. वार सोमवार. शाळेचा दिवस. त्या वर्षी जी मुलं पाचवी-सातवीत असतील, ती २०१९ ला फार तर बालवाडीत होती. शाळेच्या मैदानावरून सूर्यग्रहण बघायची त्यांची ही पहिलीच वेळ असेल. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसेल, पुण्यात खंडग्रास, पण तेव्हा उन्हाळ्याची सुटी असेल. शाळेला मिळणारी संधी २०२७ चीच धरायला हवी.

ऑगस्टचा पहिला आठवडा, आषाढी अमावास्या, दिव्यांची अवस. पुण्यात ढग असण्याचीच शक्यता जास्त, हे मला ठाऊक आहे. पण पावसाळ्यातले ढग फाटतात. पाच मिनिटांची उघडीप मिळाली तर त्या पाच मिनिटांत मुलांच्या हातात चष्मे असले पाहिजेत. त्या वेळी कपाटाची किल्ली शोधून चालणार नाही. आणि शेवटच्या आठवड्यात बाजारात धावलात, तर काय मिळेल याची खात्री नाही. ग्रहण चार दिवसांवर आलं की रस्त्याकडेला चष्मे विकायला येतात, त्यांतले काही मी हातात घेऊन बघितले आहेत. एकावर मानकाचा क्रमांक चुकीचा छापलेला होता. दुसरा लावून मला दुकानाची पाटी वाचता आली.

किती चष्मे लागतील, याचा हिशेब अनेक शिक्षक चुकीचा करतात. पाचशे मुलं म्हणजे पाचशे चष्मे, एवढे पैसे कुठून आणायचे, म्हणून विषयच सोडून देतात. खंडग्रास ग्रहण तास-दीड तास तरी चालतं. एका मुलाने एका वेळी दहा-पंधरा सेकंद बघितलं तरी सूर्याला कुठून घास लागलाय ते नीट कळतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा बघितलं की तो घास केवढा झाला तेही कळतं. पन्नासाच्या वर्गाला आठ-दहा चांगले चष्मे पुरतात. रांग लावायची. मान खाली घालून चष्मा लावायचा, मग वर बघायचं. बघून झालं की आधी मान फिरवायची, मग चष्मा काढायचा. नंबरचा चष्मा असलेल्या मुलाने तो न काढता वरून लावायचा. चष्मा लावून दुर्बिणीतून कधीही, कुणीही बघायचं नाही. दुर्बीण प्रकाश गोळा करते आणि तो फिल्टर जाळून डोळ्यात शिरतो. दुर्बिणीचा सौर फिल्टर वेगळा असतो आणि तो दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर लागतो.

एकही चष्मा नसेल, तरी शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात झारा असतो. झारा उन्हात धरा, सावली पांढऱ्या कागदावर पाडा, आणि मुलांना सूर्याकडे पाठ करून उभं करा. झाऱ्याच्या प्रत्येक भोकाची एकेक कोर होईल. माझ्या आईच्या घोंगडीवर पडल्या होत्या तशाच.

पुन्हा वापरायची ही कल्पना नवी नाही. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत खग्रास ग्रहण दिसलं. त्यानंतर ॲस्ट्रॉनॉमर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेने लोकांकडून वापरलेले चष्मे गोळा केले, तपासले, आणि २०१९ च्या ग्रहणांसाठी दक्षिण अमेरिका आणि आशियातल्या शाळांकडे पाठवण्याचं काम हाती घेतलं. पुण्याला यात शिकण्यासारखं अवघड काही नाही. दर जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात गेल्या वर्षीची पाठ्यपुस्तकं निम्म्या किमतीला देणारं-घेणारं हे गाव आहे. मोठ्या भावाचा कंपास धाकट्याकडे जातो, ताईचा गणवेश धाकटीला येतो. ग्रहणचष्म्याला आपण या रीतीत अजून घेतलेलं नाही, इतकंच.

आणि ग्रहणाची वाट बघायचीही गरज नाही. १० मे २०२४, अक्षय्य तृतीयेचा दिवस. त्या आठवड्यात सूर्यावर डागांचा एक प्रचंड समूह आला होता, पृथ्वीच्या साधारण पंधरापट रुंदीचा. त्याच रात्री त्याच्यामुळे लडाखच्या आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे लाल पट्टे दिसले. सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्या खोक्यातल्यासारखाच आमच्या गटाचा एक जुना चष्मा लावून सूर्य बघितला. गोळ्याच्या एका बाजूला काळा ठिपका स्पष्ट दिसत होता, दुर्बिणीशिवाय. मी समोरच्या दुकानातल्या पोराला बोलावलं. त्याने लावला, बघितला, काढला, फिल्टरवर काही चिकटलंय का म्हणून उजेडात धरून बघितला, आणि पुन्हा लावला. "काका, सूर्यालाच हाय." मग दिवसभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ओढून आणत होता. तोच चष्मा त्या दिवशी चाळीस-पन्नास माणसांनी लावला असेल.

पानशेतला रात्रभर तारे बघून झालं की आम्ही सकाळी निघायच्या आधी चष्मे बाहेर काढतो. गावातली मुलं तोवर गोळा झालेली असतात. पहिल्यांदा बघणारं जवळजवळ प्रत्येक मूल एकच म्हणतं, "एवढासाच?" आकाशभर ऊन देणारा सूर्य चष्म्यातून हरभऱ्याएवढा दिसतो. तो एवढासा दिसतो आणि त्याच्या रुंदीत १०९ पृथ्व्या मावतात, हे त्याच क्षणी सांगितलं की मुलं चष्मा काढून आपल्याकडे बघतात. मग प्रश्न सुरू होतात. डॉ. जयंत नारळीकरांकडे मुलं स्वाक्षरी मागायला गेली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन. मुलांच्या प्रश्नाला त्यांनी दिलेला मान या शहराने जवळून बघितला आहे. आम्ही त्यांच्याएवढी उत्तरं देऊ शकणार नाही. पण प्रश्न पडेल अशी जागा उभी करणं आमच्या हातात आहे आणि तुमच्याही.

काही मुख्याध्यापकांशी मी बोललो आहे. अडचण खर्चाची नसते, जबाबदारीची असते. एखाद्या मुलाला काही झालं तर पालक शाळेला विचारतील. ही भीती अगदी रास्त आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. म्हणूनच तपासणीचं काम एकट्या शाळेवर टाकू नका. पुण्यातल्या आकाशनिरीक्षण गटांना बोलवा, दोन माणसं एका दुपारी शंभर चष्मे तपासून देतात. वर्गातली आठवी-नववीची मुलं सोबत बसवा. काय तपासलं, किती बाद केले, कोणी तपासले, याची नोंद प्रयोगशाळेच्या रजिस्टरला करा. पालकांना आधी चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीत एक्स-रे, काजळी धरलेली काच, सीडी, काळा गॉगल, ताटातलं शेणाचं पाणी, यांतलं काहीही वापरू नका हे ठळक लिहा. ती चिठ्ठी घरच्या गच्चीवरच्या मुलालाही वाचवेल.

आणि माझ्यासारख्या इतर गटांतल्या मित्रांनो, हे पत्र तुमच्याही डोळ्यांखालून जाईल. महिन्याच्या बैठकीला दाराशी एक खोका ठेवू या. ज्याच्या घरात २०१९ चे, २०२२ चे चष्मे पडून असतील त्याने त्यात टाकावेत. १९९५ चे, १९९९ चे कुणी आठवण म्हणून जपले असतील तर ते आठवण म्हणूनच राहू द्यावेत. हे मानक यायच्या आधीचे ते चष्मे मुलांच्या डोळ्यांसाठी नकोत. ज्या शाळेकडे जास्त आहेत तिच्याकडून घेऊन ज्या शाळेकडे नाहीत तिथे पोचवायचं काम आपण करू. वेल्हे, मुळशी, भोरकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या दोन शिक्षकी शाळांना दहा चष्मे म्हणजे अख्खी शाळा झाली.

आमच्या त्या ८५ पैकी ७५ चष्मे अजून माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत, पावसाची ओल लागू नये म्हणून डब्यात, सोबत खडूच्या तुकड्यांची पुरचुंडी. दहा एका वस्तीशाळेत गेले आहेत. बाकीचे २०२७ च्या जूनमध्ये पुन्हा एकदा टॉर्चवर धरून बघणार आहोत, आणि मग वाटणार आहोत.

तुमच्या कपाटातला खोका सापडला की आमच्यासारख्या जवळच्या कुठल्याही गटाला कळवा. मधल्या काळात चष्म्यांना घडी घालू नका, रबरबँड लावू नका, आणि मुलांना नाव लिहायचंच असेल तर ते पेन्सिलीने, काडीवर, चष्मा टेबलावर सपाट ठेवून लिहू द्या.

आपला,
पेठेतला एक चष्मेवाला आणि आकाशनिरीक्षक

ता. क. खोक्यावर खरेदीचं वर्ष आणि दुकानाचं नाव लिहिलेलं असेल तर ते कागदाचं लेबल फाडू नका. तपासताना सगळ्यात आधी आम्ही तेच बघतो.